गळीत हंगामातील रस्ता आणि आपली सायकल

(ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



खोडव्याचे व्यवस्थापन आणि पाचटाचा वापर यांवर सकाळच्या सत्रात बोलून झाले. उरलेली वीस मिनिटे मी एका निराळ्या विषयासाठी मागून घेतली आहेत. हा विषय आहे सायकलचा आणि रस्त्याचा. कृषिविद्या शिकविणाऱ्याने रहदारीवर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. दोन सऱ्यांत किती अंतर ठेवावे हे मी आपणांस नेहमीच सांगत आलो आहे. आज दोन वाहनांत किती ठेवावे ते सांगणार आहे, इतकाच फरक.

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या गावचा रस्ता पार बदलून जातो. एरवी ज्या रस्त्याला तासाला चार-दोन वाहने जातात, तेथे दिवसरात्र ट्रॅक्टर, त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या, ट्रक आणि टायरच्या बैलगाड्या यांची रांग लागते. त्याच रस्त्याने पहाटे किटल्या अडकवून दूध घालणारे जातात. त्याच रस्त्याने मुली शाळेला जातात. तोडणी कामगार वाढ्याचा भारा कॅरिअरवर आडवा बांधून अड्ड्यावर परततो, आणि रात्रीची वीज असली की पाणी धरणारा आपणांपैकीच कोणीतरी अंधारात मोटारीकडे निघतो. मोटारसायकल घरोघर आली म्हणून सायकल संपली, असे समजू नये. मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. म्हणजे रस्त्यावरची सर्वांत नवखी सायकलस्वार ही बहुधा आपल्याच घरातली मुलगी आहे.

आता माझ्याच घरची एक गोष्ट सांगतो. मी ऊस उत्पादकाचा मुलगा. काही वर्षांपूर्वी आमच्या उसाची ट्रॉली गावाबाहेरच्या वळणावर पंक्चर झाली. चालकाने रिवाजाप्रमाणे मागेपुढे मोठे दगड मांडले. रात्री अकराच्या सुमारास चाक बदलले, ट्रॉली कारखान्याकडे गेली आणि दगड तेथेच राहिले. मी त्या वेळी तेथे हजर होतो. दगड उचलावेत हे मनात आले नाही असे नाही. आले होते, पण थंडी होती, घरी जायची घाई होती आणि सकाळी कोणीतरी बाजूला करील असे वाटले. पहाटे पाच वाजता आमच्या वस्तीवरील एक गृहस्थ दूध घेऊन त्याच वळणावर आले. त्यांच्या सायकलला दिवा नव्हता. समोरून ट्रक प्रखर दिवे लावून आला, डोळे दिपले, ते डावीकडे सरकले आणि पुढचे चाक दगडावर गेले. डावे मनगट मोडले. हाड सांधले, पण हात पूर्वीसारखा वळत नाही. त्या दिवसापासून त्यांच्या दोन म्हशींची धार त्यांची पत्नी काढते. भेटले की ते म्हणतात, "सर, चूक माझीच. दिवा नव्हता." मी म्हणतो, "दगड माझे होते." आजतागायत आमचा हा वाद मिटलेला नाही. दोघांचेही म्हणणे खरे असल्यामुळे तो मिटणारही नाही.

सायकलस्वार हा रस्त्यावरचा दुबळा घटक, तेव्हा जपण्याची जबाबदारी मोठ्या वाहनाची, असे आपण धरून चालतो. ते बरोबर आहे, पण पुरेसे नाही. मोठ्या वाहनाच्या चालकाला जपायचे असले तरी समोरची सायकल आता काय करणार हे त्याला आधी कळले पाहिजे. रहदारीच्या नियमांचा खरा उपयोग तेवढ्याचसाठी आहे.

सायकलला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, म्हणून तिला नियमही नाहीत असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्यास आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, ‘वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतच सायकल येते. आणि वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने हाकावे, हे त्याच कायद्याने सांगितले आहे. आपल्या वडिलांच्या पिढीला हे चांगले ठाऊक होते. त्या काळी सायकलला बिल्ला असे आणि दिव्याशिवाय कोणी शहरात शिरला तर पोलीस चाकाची हवा सोडून देत. आता हवा कोणी सोडत नाही, आणि दिवाही कोणी लावत नाही.

डावीकडूनच का?

"समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजवीकडून जा," असे आपण मुलांना सांगतो. हा सल्ला पायी चालणाऱ्याला योग्य आहे, सायकलला नाही. याचे गणित साधे आहे. सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर आणि जीपचा ६० धरा. दोन्ही एकाच दिशेने जात असतील तर त्यांच्यातील अंतर ताशी ४५ च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होते. समोरासमोर असतील तर ताशी ७५ च्या, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २१ मीटरने. जीपवाल्याला ५० मीटरवर सायकल दिसली, तर पहिल्या प्रकारात त्याला चार सेकंद मिळतात, दुसऱ्यात अडीचसुद्धा नाहीत. पाहून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एक ते दीड सेकंद जातो. शिवाय मागून येणारा चालक वेग कमी करून सायकलच्या मागे राहू शकतो. समोरून येणाऱ्याला ती सोय नसते. फाट्यावर मुख्य रस्त्याला लागणारा चालक वाहने येण्याच्या बाजूलाच पाहतो. उलट बाजूने आलेली सायकल त्याच्या नजरेस पडतच नाही.

डावीकडून जायचे म्हणजे डांबराच्या अगदी काठावरून जायचे असेही नाही. आपल्याकडे साइडपट्टी खचलेली असते, काठावर पाचट आणि चिपाडे पडलेली असतात. काठावरचा सायकलस्वार खड्डा आला की एकदम आत येतो आणि नेमके तेच मागच्याला अनपेक्षित असते. काठापासून दीड ते दोन हात आत, सरळ रेषेत चालावे. मागे वाहन आहे आणि जागा आहे असे दिसले तर सावकाश बाजूला व्हावे, झटक्यात नाही. मुली शाळेतून येताना तिघी-चौघी गप्पा मारत ओळीने जातात. त्यांना रागावून उपयोग होत नाही असा माझा अनुभव आहे. हंगामापुरते एकामागे एक चालायचे, असे त्यांच्याच वर्गात बोलून ठरवून घ्यावे; ते त्या पाळतात.

उजवीकडे वळताना पुष्कळ अपघात होतात. शेताचा फाटा उजवीकडे आला की आपण मागे न पाहता वळतो, कारण रस्ता आपल्या सवयीचा असतो. आधी मागे वळून पाहावे, उजवा हात आडवा सरळ बाहेर धरावा, मग वळावे. रहदारी जास्त असेल किंवा किटल्या भरलेल्या असतील, तर डावीकडे थांबून उतरावे आणि सायकल हातात धरून रस्ता ओलांडावा. यात कमीपणा कसला?

भरलेल्या किटल्यांविषयी थोडे अधिक सांगतो. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरच्या किटल्या म्हणजे चाळीस किलोंहून जास्त वजन झाले. वजन मागे गेले की पुढचे चाक हलके होते, हँडल डुलते आणि दुधाच्या हिंदकळण्याने झोक जातो. अशी सायकल रिकाम्या सायकलच्या अंतरात थांबत नाही. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू लावत यावे. ब्रेकचे रबर झिजून लोखंड रिमला घासेपर्यंत थांबू नये. वाढ्याचा भारा कॅरिअरवर उभा बांधावा. आडवा बांधला की सायकलची रुंदी बैलगाडीएवढी होते आणि अंधारात ट्रॉलीवाल्याला त्याचा अंदाज येत नाही.

ट्रॉलीपासून अंतर

ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात तेव्हा वळणावर मागची ट्रॉली पुढच्या चाकोरीने जात नाही, ती आतल्या बाजूस कापत येते. ट्रॅक्टर आपल्याला चुकवून गेला म्हणून सायकलस्वार निर्धास्त होतो आणि मागच्या ट्रॉलीच्या चाकाशी सापडतो. म्हणून वळणावर ट्रॉलीच्या बाजूला राहू नये. मागे थांबावे, सगळी रांग जाऊ द्यावी. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. भरलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला पुढे ढकलत असतात. तेव्हा ट्रॅक्टरच्या पुढून घाईने आडवे जाणे, त्याचा वेग कमी दिसला तरी, धोक्याचेच. आणि ज्यांची मुले शाळेतून येताना ट्रॉलीला हात धरून सायकल ओढून घेतात किंवा चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसतात, त्यांना मी हात जोडून सांगतो, मुलाला ऊस घरी आणून द्या.

आता ट्रॅक्टरमालकांसाठी. आपणांपैकी बहुतेकांच्या घरी सायकलही आहे आणि ट्रॅक्टरही, तेव्हा हे एकाच घरातले बोलणे समजावे. सायकलला ओलांडून जाताना मध्ये दीड मीटर अंतर ठेवावे. दीड मीटर म्हणजे पाच फूट, आपली उसाची रुंद सरी. एक सरी सोडून जायचे, हे कोणत्याही चालकाच्या लक्षात राहील. तेवढी जागा नसेल तर मागे थांबावे. बाजूने बाहेर आलेली उसाची टिपरी बांधून किंवा तोडून घ्यावीत. सायकलस्वाराच्या तोंडाच्या उंचीवर ती येतात. समोरून सायकल येत असली तरी दिवे खाली करावेत, ही सभ्यता फक्त मोटारीसाठी नाही. ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी लावू नयेत. रात्री जागे राहायला ती लागतात असे चालक सांगतात, पण त्या आवाजात घंटीही ऐकू येत नाही आणि माणसाची हाकही नाही. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती ट्रॅक्टर देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा गुन्ह्यासाठी पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायद्याचे राहू द्या, पण बारा-पंधरा टन उसासह ट्रॅक्टर थांबविणे हे मुलाचे काम नाही.

रस्ता बिघडविण्यात आपलाही हात आहे, हे मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खोदतो, चर मातीने बुजवितो, पहिल्या पावसात ती खचते. मोटारीला तो एक धक्का असतो, सायकलस्वाराला रात्री खड्डा. चर थराथराने धुमसून बुजवावा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन पाहावा. वळणावर धान्य वाळत घालून कडेने दगड लावणे सोडावे. ओल्या शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर आला की चाकांची चिखलढेकळे डांबरावर पडतात, दव पडले की त्यावर सायकल घसरते. फावडे ट्रॅक्टरवर असतेच, ढेकळे तेव्हाच ओढून टाकावीत. आणि वाहन बंद पडले तर दगड नकोत. परावर्तक त्रिकोण ठेवावा. तो नसेल तर ओल्या फांद्या ठेवाव्यात आणि निघताना सगळे उचलून न्यावे. मी हे कशावरून सांगतो ते आपण ऐकलेच आहे. इतके करूनही कोणी पडलाच, तर जखमीला उचलून कसेही ट्रॅक्टरवर घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी दिव्याचे. गडद कपडे घातलेला, दिवा नसलेला सायकलस्वार मोटारीच्या खालच्या झोतात साधारण पंचवीस-तीस मीटरवर दिसतो. ताशी ६० च्या वेगातील वाहन पाहून थांबेपर्यंत चाळीस मीटर जाते. म्हणजे चालक कितीही सज्जन असला तरी तो थांबूच शकत नाही. तेच मागे चांगला लाल परावर्तक असेल तर शंभर मीटरच्या पलीकडून चमकतो. पुढे पांढरा, मागे लाल, पेडलना पिवळे. पेडलचे वरखाली होताना दिसतात म्हणून पुढे सायकल आहे हे चालकाला लगेच कळते. २०२० साली केंद्र सरकारने सायकलच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला आहे, तेव्हा नवी सायकल घेताना ते आहेत ना, हे पाहून घ्यावे. परावर्तक स्वतः उजेड देत नाही, हेही ध्यानात असू द्या. समोरचा दगड दिसायला पुढे दिवा किंवा विजेरी हवीच. घरात असतो तो पांढरा सदरा रात्री पाण्याला जाताना घालावा, मळला तरी चालेल.

मंडपाबाहेर आंब्याखाली आमचे विद्यार्थी लाल पट्टीचे गुंडाळे घेऊन बसले आहेत. ज्यांनी सायकली आणल्या आहेत त्यांनी जाताना त्या तेथे उभ्या कराव्यात. पट्टी मागच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला लावायची असते, वर लावली तर वाढ्याच्या भाऱ्याखाली झाकली जाते. लावण्याआधी मडगार्ड कोरड्या फडक्याने पुसून घ्या, तेलकट राहिले तर ती आठ दिवसांत सुटते. ट्रॉलीवाल्यांसाठी रुंद पट्टी वेगळी ठेवली आहे, ती मागच्या फाळक्यावर दोन्ही कोपऱ्यांना लावावी.