केक बाळाचा, वेळही बाळाची

आम्ही बचत गटाच्या बायका आज पहिल्या वाढदिवसाच्या एका नव्या हौसेबद्दल बोलणार आहोत. बाळापुढे छोटासा केक ठेवायचा, त्याने तो दोन्ही हातांनी चिवडायचा आणि आपण फोटो काढायचे. याला 'केक स्मॅश' म्हणतात. आता तालुक्याचे फोटोवालेही हे करून देतात. हौस वाईट नाही. संक्रांतीला आपण बोरन्हाण घालतोच की!

आधी आमची चूक सांगतो. आमच्यातल्या एकीच्या नातवाचे असे फोटो काढायचे ठरले. पोर भुकेलं असलं की केकवर तुटून पडेल, असं आम्हीच म्हणालो. म्हणून सकाळपासून त्याला धड पाजलं नाही. ऐन झोपेच्या वेळी स्टुडिओत नेलं. झगझगीत दिवे, अनोळखी माणसं आणि समोर फ्रिजमधला गार केक. आम्ही त्याचा हात धरून केकात घातला, तसा त्याने टाहो फोडला. आम्ही आपल्या टाळ्याच वाजवतोय! शेवटी त्याच्या आईने त्याला उचललं आणि कोपऱ्यात बसून पाजलं. पोर हुंदके देत देत प्यायलं. पैसे गेले त्याचं काही नाही, ते हुंदके मात्र अजून आठवतात.

दुसरीच्या नातीच्या वेळी आम्ही शहाण्या झालो. आठ-दहा दिवस आधीपासून तिच्यापुढे ताटलीत मऊ वरणभात, कुस्करलेलं केळं ठेवू लागलो. चिवडू दे, सांडू दे. हाताला ओलं, चिकट लागायची सवय झाली.

केकात जे घालायचं, ते तिला आधी घरी देऊन पाहिलं. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही सकाळी. अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या, तर तो पदार्थ बंद करून डॉक्टरांना विचारायचं. ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर थांबायचं नाही, लगेच 108 ला फोन करायचा.

हे फोटो पुष्कळदा वाढदिवसाच्या आधीच काढतात. म्हणून लक्षात ठेवा, वर्षाच्या आत मध चाटवायचासुद्धा नाही. त्यातून क्वचित, पण जिवावर बेतणारा आजार होतो. आणि दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको, गूळही नको.

मग केक कसला? गव्हाचं आणि नाचणीचं पीठ, खूप पिकलेली केळी, दही, थोडं तूप आणि चमचाभर बेकिंग पावडर. ढोकळ्यासारखा वाफवला. वरून दह्याचा चक्का लावला, त्यात बिटाच्या रसाचे चार थेंब. झाला गुलाबी केक! वर साखरेचे मणी, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं काही नाही, कारण ते घशात अडकतं. फुटलेल्या फुग्याचे तुकडेही लगेच उचलायचे. मेणबत्ती दूरच ठेवायची.

पोरीची झोप झाली, पोट थोडं भरलं, मग ओसरीवर उजेडात सतरंजी अंथरली. टेबलावर बसवलं नाही, पडण्याची भीती. आई हाताच्या अंतरावर बसली. कोमट पाणी आणि पंचा तयार ठेवला. मोबाइलवर फोटो काढायला मामा. आणि आधीच ठरवलं, रडली की बंद.

पोरीने आधी एक बोट लावलं. मग मूठ भरली. स्वतः जरासं चाटलं आणि उरलेलं आजीच्या तोंडात कोंबलं! तोच फोटो आज त्यांच्या भिंतीवर आहे.

मैत्रिणींनो, बाळाने केक चिवडला तर छान, नाही चिवडला तरी छान. वाढदिवस त्याचा आहे, एवढं आपण विसरायचं नाही.