बोलाचा धनी

भंडारा जिल्ह्यांतील मोहाडी तालुक्यामध्यें आंधळगांव म्हणून विणकरांचें एक गांव आहे. कोशाच्या, म्हणजे टसरच्या, वस्त्रांसाठीं या गांवाचें नांव दूरवर गेलें आहे. ऐन व अर्जुन या झाडांवर पोसलेल्या किड्यांचे कोश उकडावयाचे, त्यांतून धागा काढावयाचा, मग ताणा व बाणा जुळवून मागावर वस्त्र विणावयाचें, असा हा धीराचा उद्योग आहे. याच मुलखांत दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले म्हणजे गांवोगांव दंडार व खडी गंमत यांस रंग चढतो.

खडी गमतीचें वैशिष्ट्य असें कीं, शाहीर व त्याचे साथीदार उभ्यानेंच गातात. डफ, तुणतुणें आणि ढोलकी एवढाच काय तो संभार. शाहिरांचे कलगी व तुरा असे दोन जुने पंथ आहेत. कलगीवाले शक्तीचा महिमा गाणारे आणि तुरेवाले शिवाचा. एकानें सवाल घालावा आणि दुसऱ्यानें कवनांतूनच त्याचा जबाब द्यावा. या झटापटींत टोमणे असतात, प्रतिपक्षाची टवाळी असते, क्वचित् शब्द पायरी सोडूनहि जातात. परंतु बोलणारा समोर उभा असतो, ज्यास लागावयाचें तो समोर असतो आणि निवाडा करणारें गांवहि समोर बसलेलें असतें. तेथें बोलाला धनी असतो.

आज त्याच मुलखांतल्या एखाद्या तरुणाच्या हातांतील मोबाइलवर पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरील वस्तींत वाढलेला दुसरा एक तरुण सहज दिसतो. अल्ताफ शेख हें त्याचें नांव. जग त्याला 'एम. सी. स्टॅन' म्हणून ओळखतें. त्याचा जन्म ३० ऑगस्ट १९९९ चा. तो रॅप करतो. रॅप म्हणजे तालावर, झपाट्यानें, यमकें साधीत बोललेलें गाणें. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांतील गरीब वस्त्यांत १९७३ च्या सुमारास ज्या चळवळीचा उगम झाला, तिचेंच हें अपत्य. ज्यांच्यापाशीं वाद्यें नव्हतीं व वाद्यें शिकविणारा गुरुहि नव्हता, त्यांनीं जुन्या तबकड्यांच्या ठेक्यावर आपलें गाऱ्हाणें बोलून दाखविलें. मुंबईच्या चाळींत व झोपडपट्ट्यांत हें लोण पुढें पोंचलें, आणि २०१९ साली आलेल्या 'गली बॉय' या चित्रपटानें तें सुशिक्षित घरांतील दिवाणखान्यांतहि आणून सोडलें.

स्टॅननें लहानपणीं कव्वाली गायली असें सांगतात. पुढें २०१८-१९ च्या सुमारास मुंबईचा रॅपर एमिवे बंटाय याच्याशीं त्याचें गाण्यांतून वैर जुंपलें. एकानें गाण्यांतून डिवचावें, दुसऱ्यानें गाण्यांतूनच उत्तर द्यावें, आणि ऐकणाऱ्यांनीं पक्ष घ्यावे, हा प्रकार कलगी-तुऱ्याच्या जाणकारास मुळींच नवीन वाटणार नाहीं. २०२० साली त्याचा 'तडीपार' हा गीतसंग्रह निघाला व २०२२ साली 'इन्सान' निघाला. वस्तीचें दारिद्र्य, मित्रांचे दगे, पोलिसांचा ससेमिरा आणि हातीं आलेल्या पैशाचा तोरा हे त्याचे विषय. भाषा हिंदी खरी, पण ती पुण्याच्या गल्लींतली. त्याचा आवडता शब्द 'शेमडी' हा मराठी 'शेंबडी'चाच भाऊबंद दिसतो.

१ ऑक्टोबर २०२२ पासून 'बिग बॉस' या टेलिव्हिजनवरील खेळाचें सोळावें पर्व सुरूं झालें. कांहीं प्रसिद्ध माणसें एका घरांत कोंडावयाचीं, त्यांचें उठणें-बसणें व भांडणें देशाला दाखवावयाचीं, आणि प्रेक्षकांच्या मतांनीं एकेकाला बाहेर काढावयाचें, असा हा खेळ. स्टॅन त्यांत गेला, बहुतेक काळ अबोल व कंटाळलेला दिसला, घरीं जाण्याची इच्छा पुनःपुन्हां बोलून दाखवूं लागला. तरीहि १२ फेब्रुवारी २०२३ रोजीं तोच विजयी ठरला. बक्षिसाची रक्कम ३१ लक्ष ८० हजार रुपये होती. दुसरा क्रमांक अमरावतीच्या शिव ठाकरे याचा आला, त्यामुळें विदर्भांतील घराघरांत हा निकाल विशेष चर्चिला गेला. घरांत कांहींच न करणारा जिंकला, असें पुष्कळांनीं म्हटलें. आपल्यांतला एक जण जिंकला, असें वस्त्या-वस्त्यांतील पोरांनीं म्हटलें.

परंतु त्याची जी कीर्ति सर्वांत दूर गेली ती गाण्याची नव्हे, विजयाचीहि नव्हे. त्याच्या ऐंशी हजार रुपयांच्या बुटांचा उल्लेख निघाला आणि तेवढेंच वाक्य देशभर फिरलें. 'हक से' हे त्याचे दोन शब्दहि तसेच फिरले. एका चित्रावर ते चिकटवून कोणी परीक्षेची थट्टा केली, कोणी पगाराची, कोणी लग्नाची. अशा फिरत्या थट्टेस हल्लीं 'मीम' म्हणतात. हा शब्द रिचर्ड डॉकिन्स या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १९७६ साली बनविला. अनुकरणानें एका मनांतून दुसऱ्या मनांत उतरत जाणारा संस्कृतीचा कण, असा त्याचा मूळ अर्थ. म्हण, चाल, वेशभूषेची रीत, हे सारे त्यांत येत. आतां मात्र तो शब्द मुख्यत्वें हंशाकरितां कापून घेतलेल्या तुकड्यालाच उरला आहे.

त्या हंशांत एक बारीक कांटा आहे. धनिकाच्या मुलानें तितक्याच किमतीचे बूट घातले असते तर त्याचा विनोद झाला असता काय? वस्तींतल्या पोरानें किंमत मोठ्यानें सांगितली, हेंच हंसूं येण्याचें खरें कारण. ज्याला अनवाणी पाय ठाऊक आहेत त्याला बुटांची किंमत सांगावीशी वाटते. ज्याला ते ठाऊक नाहींत त्याला ती सांगणें ग्राम्य वाटतें.

त्या विजयानंतर सुमारें महिन्याभरानें, १७ मार्च २०२३ रोजीं, इंदूर येथें त्याचा जलसा चालूं असतां करणी सेनेचे कार्यकर्ते व्यासपीठावर चढले व कार्यक्रम बंद पाडला. गाण्यांत शिवीगाळ असते व स्त्रियांविषयीं हीन भाषा असते, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप पोकळ नव्हे. या गाण्यांत शिव्या आहेत, आणि स्त्रीचा उल्लेख अनेक ठिकाणीं कोणत्याहि आईबापांस खटकावा असाच आहे. घरांत हें नको, असें म्हणण्याचा अधिकार प्रत्येक कुटुंबास आहे. परंतु व्यासपीठ बळकावणें हा जबाब नव्हे. तो सवालच बंद करणें होय. स्वातंत्र्यानंतर लौकरच मुंबई सरकारनें अश्लीलतेच्या कारणास्तव तमाशावर बंदी घातली होती. पुढें ती उठवावी लागली, कारण फडांतल्या कलावंतांचें पोट त्यावर होतें आणि लोकांचें मन त्यांत होतें. तमाशा सुधारला तो बंदीनें कमी, जाणत्या श्रोत्यांनीं जवळ बसून ऐकल्यानें अधिक.

त्याच वर्षींच्या एप्रिल महिन्यांत दुसरा प्रसंग घडला. छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगसे या मराठी रॅपरनें राज्यांतील सत्तांतरावर टीकेचें गाणें रचलें. 'पन्नास खोके' ही विरोधकांची घोषणा २०२२ साली विधानभवनाच्या पायऱ्यांवर गाजली होती; तिचाच धागा त्या गाण्यांत होता. गाणें सर्वत्र पसरलें आणि अंबरनाथ येथें त्याच्यावर गुन्हा नोंदविण्यांत आला. एकाच्या शिव्यांस हरकत होती, दुसऱ्याच्या अर्थास. दोन्हीं प्रकरणें अगदीं निराळीं. परंतु गाण्याला गाण्यानें उत्तर देण्याचें कोणाच्याहि मनांत आलें नाहीं, हें दोहोंत सारखें.

अशा रीतीनें आजच्या बोलणाऱ्याच्या वांट्यास तीन परीक्षक येतात: हंसणारे, मंच मोडणारे आणि फिर्याद करणारे. चवथा परीक्षक, म्हणजे शेवटपर्यंत ऐकून घेऊन मग बरें-वाईट सांगणारा श्रोता, हाच दुर्मिळ झाला आहे. याचा परिणाम बोलणाऱ्यावरहि होतो. सबंध गाण्यापेक्षां एक चमकदार तुकडाच लोक उचलतात, हें एकदां कळलें म्हणजे तरुण कवि तुकडेच रचूं लागतो. शिवी दिली म्हणजे तुकडा लौकर उचलला जातो, हेंहि तो शिकतो. ज्या शिव्यांबद्दल सुशिक्षित घरें नाकें मुरडतात, त्यांची बाजारपेठ अंशतः त्याच घरांतून पुढें धाडलेल्या तुकड्यांनीं उभी केलेली असते.

घरांतील मुलगा कानाला यंत्र लावून असें गाणें ऐकत असतो. वडील मंडळी एक तर तें बंद करावयास सांगतात, नाहीं तर बुटांचा विनोद सांगून हंसतात. तिसराहि एक मार्ग आहे. त्याच्याजवळ बसून एक गाणें आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावें. यांतलें दुःख खरें आहे, हा ताल चांगला साधला आहे, आणि येथें बाईविषयीं हा जें बोलला तें अनुचित आहे, असें तीनहि गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. नुसता निषेध मुलगा ऐकणार नाहीं. ज्यानें गाणें ऐकलें आहे त्याचा निषेध मात्र तो ऐकेल.

आंधळगांवचा विणकर वस्त्र पारखतो तें सबंध पसरून. धागा कोठें तुटला, गांठ कोठें पडली, हें त्याला दिसतें, कारण पोत त्याच्या डोळ्यांपुढें असतो. चिंधी पाहून वस्त्राचा निवाडा तो करीत नाहीं. माणसाच्या बोलाचीहि पारख अशीच व्हावयास पाहिजे.