रान एकाचं, कळप दुसऱ्याचा

परक्याच्या रानात जनावरं चारायची, तर मालकाला चराई द्यायची, हा रिवाज जगभर आढळतो. अमेरिकेत 1934 च्या टेलर ग्रेझिंग कायद्याने सरकारी माळांवरच्या चराईला परवाना आणि शुल्क लागू झालं. महाराष्ट्रात मात्र हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या उलटाही चालत आला आहे.

दिवाळीनंतर पुणे-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातले धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे कुटुंबांचे तांडे, घाट उतरून कोकणात येतात. भाताची कापणी झालेली, खाचरं मोकळी. इथे शेतकरीच मेंढपाळाला बोलावतो आणि वर धान्य किंवा रोख रक्कम देतो. कशासाठी? मेंढ्या रात्री आपल्या शेतात बसाव्यात म्हणून!

सांजेला खुंट्या ठोकून वाघर लावतात. वाघर म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण. आत मेंढ्या एकमेकींना खेटून बसतात. रात्रभर लेंड्या आणि मूत मातीत पडतं, खुरांनी तुडवलं जातं. दुसऱ्या रात्री वाघर शेजारच्या तुकड्यात. गाडीभाडं नाही, उकिरडा उपसणं नाही. खत थेट जागेवर.

पुढे रासायनिक खतं आली, मोकळ्या रानांत फळबागा आणि बंगले उभे राहिले, तशी ही बोलावणी कमी झाली. काही ठिकाणी आता मेंढपाळच पिकाच्या पाल्यासाठी शेतकऱ्याला पैसे मोजतो. ही गोष्ट खरोखर काळजीची आहे, कारण वाटेवरचा चारा तुटला की कळप सांभाळणं अवघड होतं.

दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही. म्हणून मृगाआधी वाडे पुन्हा घाट चढू लागतात. घोड्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, आणि त्यातच बांधलेली दोन-चार कोवळी कोकरं.