पिंजऱ्यातला तित्तिर



जुळे सोलापूरच्या या वस्तीत बसून आज माळरानाची गोष्ट सांगावयाची आहे. फासेपारधी कोरड्या रानात तित्तिर धरी तो पाळलेल्या तित्तिराच्या जोरावर. पिंजरा झुडपाआड ठेवावयाचा, भोवती खुंट्यांना बांधलेल्या फाशांची ओळ लावावयाची आणि आपण दूर दडून बसावयाचे. पहाटे पिंजऱ्यातला नर ओरडला की रानातला नर खवळून धावत येई. दाण्यासाठी नव्हे, भांडणासाठी! पाय फाशात अडके.

ज्यांची ही विद्या, त्यांना 1871 पासूनच्या कायद्यांनी जन्मतःच गुन्हेगार ठरविले. सोलापुरात तर अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंटच होती. 1952 साली कायदा गेला. पोलिसांची नजर गेली नाही.

यंत्रमाग कामगारांच्या सभेत आम्ही एकदा मालकाच्या मुकादमाला पिंजऱ्यातला तित्तिर म्हटले. टाळ्या पडल्या. सभेनंतर एक वृद्ध पारधी आम्हांस बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, त्यो कुणाला फसवत न्हाई. त्याला वाटतं, ही जागा आपलीच हाय."

ती उपमा आम्ही पुन्हा वापरली नाही. दुसऱ्या दिवशी मुकादमाकडेच युनियनचे पावतीपुस्तक घेऊन गेलो. दोन महिने त्याने टाळले. तिसऱ्या महिन्यात वर्गणी दिली.