छातीतील जननपेशी-अर्बुद : औषधाची निवड

जननपेशींपासून उद्भवणारे अर्बुद विरळा वृषणाऐवजी छातीत, दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत वाढते. त्यातील सेमिनोमा हा प्रकार रसायनोपचाराला सहसा चांगली दाद देतो. इतर प्रकार अधिक दुर्दम्य. त्यांचे रुग्ण बहुधा तरुण पुरुष. वृषणाच्या कर्करोगावर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ साली सिस्प्लाटिन व अन्य दोन औषधांची योजना केली. छातीतील अर्बुदावरही भिस्त सिस्प्लाटिनवरच आहे. अडचण आहे ती त्याच्या जोडीच्या ब्लिओमायसिनची. ते फुफ्फुसांना इजा करू शकते, आणि औषधांनंतर उरलेली गाठ काढण्यासाठी तर छातीच उघडावयाची असते! म्हणून अनेक तज्ज्ञ त्याऐवजी आयफॉस्फामाइड योजतात. मूत्रपिंडांवर त्याचा ताण पडतो, हे पत्करूनच.