व्हिडिओ गेमच्या डब्यातलं ज्ञान कुणाचं?

(मंचाच्या मुसफ्फा येथील बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा थोडा संक्षिप्त केलेला मजकूर)



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की स्थलांतरित कामगार, जातिअंत, धर्मचिकित्सा यांवर बोलणाऱ्या आपल्या मंचावर व्हिडिओ गेमचं काय काम? प्रश्न रास्त आहे. वैज्ञानिक दृष्टिकोनाची आठवण आपल्याला बहुधा बुवा-बापूंच्या संदर्भात होते. पण आपल्या घरातलं यंत्र आतून कसं चालतं हे विचारण्याची सवय हाही त्याच दृष्टिकोनाचा भाग आहे. आणि ते यंत्र उघडून पाहण्याचा हक्क कुणाला, हा तर सरळसरळ सत्तेचा प्रश्न आहे. आज चाळिशीत असलेल्या आपल्या पिढीच्या घरात हा प्रश्न टीव्हीला जोडलेल्या एका प्लास्टिकच्या डब्यातून आला होता.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात 'सामुराई', 'मीडिया' अशा नावांनी, किंवा कसलंच नाव नसलेल्या खोक्यातून, व्हिडिओ गेम मिळायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास. वरून 'कॅसेट' खोचायची आणि खेळायचं. निन्टेन्डो हे नाव आपल्यापैकी अनेकांनी पुष्कळ नंतर ऐकलं. पण त्यातले बहुतेक डबे निन्टेन्डोच्या 'फॅमिली कॉम्प्युटर' या यंत्राच्या नकला होत्या. मूळ यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आलं. किंमत १४,८०० येन. त्याची रचना मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली झाली.

आत मुख्यतः दोन चिप होत्या, दोन्ही रिको कंपनीच्या. पहिली म्हणजे प्रोसेसर. त्याचा गाभा ६५०२ हा. हा प्रोसेसर चक पेडल आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली फक्त २५ डॉलरला विकायला काढला, तेव्हा स्पर्धकांच्या प्रोसेसरच्या किमती शेकडो डॉलरमध्ये होत्या. त्यात ट्रान्झिस्टर अवघे साडेतीन हजारांच्या आसपास. आजच्या मोबाइलमधल्या चिपमध्ये ते अब्जांनी मोजतात. साडेतीन हजारांचा आराखडा मोठ्या कागदावर काढता येतो आणि कष्टाळू विद्यार्थ्याला तो एखाद्या सत्रात पुरता समजू शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी चिप चित्राची, आणि खरी गंमत तिच्यात आहे. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला चारच रंग दिले, तरी पूर्ण चित्र साठवायला १५,३६० बाइट लागतात. त्या काळी मेमरी महाग. डब्यात कामाची मेमरी २ किलोबाइट आणि चित्राची आणखी २ किलोबाइट, बस्स. मग एवढं चित्र मावलं कसं?

युक्ती फरशीवाल्याची आहे. आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरश्या कॅसेटमध्येच तयार ठेवायच्या आणि मेमरीत फक्त कुठल्या जागी कितव्या नंबरची फरशी एवढंच लिहायचं. आडव्या ३२ आणि उभ्या ३०, म्हणजे ९६० फरश्या, प्रत्येकीला एक बाइट. रंगांच्या वाटपासाठी आणखी ६४ बाइट. बेरीज १०२४. बरोबर एक किलोबाइटमध्ये अख्खा पडदा! 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ चा गेम एकूण ४० किलोबाइटचा आहे. त्यातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही एकच आकृती आहे, रंग तेवढा बदललेला. आज आपण इमेलला जोडतो तो एक फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो.

हलणाऱ्या आकृत्यांची सोय वेगळी. अशा ६४ आकृत्या, पण एका आडव्या रेषेवर जास्तीत जास्त आठ. नववी आली की ती दिसतच नाही. म्हणून गेम लिहिणारे दर चित्रागणिक आकृत्यांचा क्रम बदलत, म्हणजे कुणी एकच कायमचा गायब होण्याऐवजी सगळे आळीपाळीने लुकलुकत. गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे, ते आठवतं ना? तो बिघाड नव्हता. ती टंचाईतली न्याय्य वाटणी होती!

आता कुलुपाकडे येऊ. १९८५ मध्ये हे यंत्र अमेरिकेत गेलं तेव्हा निन्टेन्डोने त्यात एक जादा चिप घातली. तिची जोडीदार चिप प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये. दोघी एकमेकींशी सतत बोलत राहणार आणि संवाद जुळला नाही, तर यंत्र पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार. जपानच्या मूळ यंत्रात हे कुलूप नव्हतं. कुलुपाने कुणाला अडवलं ते पाहा. नकली यंत्र बनवणाऱ्याला अडवलं नाही, कारण त्याने आपल्या यंत्रात कुलूप बसवलंच नाही. अडवलं ते परवानगीशिवाय गेम लिहू पाहणाऱ्या स्वतंत्र प्रोग्रामरला. आणि त्रास झाला प्रामाणिक ग्राहकाला: खाचेतले संपर्क सैल झाले की त्याची खरी कॅसेटही कुलूप नाकारायचं आणि दिवा लुकलुकत बसायचा. कॅसेटवर फुंकर मारण्याचा विधी मात्र जगभर सारखाच. फुंकरीने काही होत नसे, होत असे ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने. उलट तोंडातल्या दमट हवेने पितळ-तांब्याचं नुकसानच. अंधश्रद्धा निर्मूलनाचं हे छोटं उदाहरण मुलांना सांगायला उत्तम.

हे कुलूप कोर्टातही गेलं. १९९२ साली अमेरिकेत दोन महत्त्वाचे निकाल लागले. अटारी गेम्स विरुद्ध निन्टेन्डो या खटल्यात कोर्टाने म्हटलं, की यंत्र समजून घेण्यासाठी प्रोग्राम उलगडून पाहणं तत्त्वतः योग्य वापरात बसतं. पण अटारीने कुलुपाचा प्रोग्राम कॉपीराइट कार्यालयाकडून खोटं कारण देऊन मिळवला होता, म्हणून तिला तो बचाव मिळाला नाही. सेगा विरुद्ध अकोलेड या खटल्यात, आपला गेम दुसऱ्याच्या यंत्रावर चालावा यासाठी तो उलगडणं मान्य झालं. भारतातही १९९९ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी सवलत आली. २००० सालच्या चिप-आराखडा कायद्यातही संशोधन आणि अध्यापनासाठी चिपचा अभ्यास करायला मुभा आहे. थोडक्यात, समजून घेणं म्हणजे चोरी नव्हे, हे कायद्यानेही मानलेलं आहे.

मग नक्कल करणाऱ्यांचं काय? आपण 'चायनीज माल' म्हणून नाक मुरडतो. जरा आत पाहू. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. भारतात आणि इथे अमिरातीत पाल पद्धत, म्हणजे ५०. रेषाही वेगळ्या, तिथे २६२ तर इथे ३१२. दोन चित्रांच्या मधल्या छोट्या उसंतीत गेम आपली आवराआवर करतो. जपानी यंत्रात ही उसंत २० रेषांची. निन्टेन्डोने पाल देशांसाठी केलेल्या अधिकृत यंत्रात ती ७० रेषांची झाली. प्रोसेसरचा वेगही १.७९ वरून १.६६ मेगाहर्ट्झवर आला आणि चित्राच्या ठिपक्यांशी असलेलं त्याचं ३ ला १ हे प्रमाण मोडलं. वेळेच्या काटेकोर हिशोबाने लिहिलेले जपानी गेम अशा यंत्रावर अडखळत.

तैवानच्या यूएमसी कंपनीने पाल देशांतल्या नकली यंत्रांसाठी चिप केल्या, तेव्हा वेगळा मार्ग काढला. प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर ठेवला आणि ३ ला १ हे प्रमाण राखलं. चित्र संपल्यावर ५१ रेषा चिप नुसती गप्प बसते आणि मग गेमला इशारा देते, की आता तुझी उसंत सुरू. उरल्या बरोबर २० रेषा! गेमला वाटतं आपण जपानमध्येच आहोत. खेळ थोडा संथ होतो, पण मोडत नाही. डोळे झाकून नक्कल करणाऱ्याला हे सुचणार नाही. त्यासाठी मूळ यंत्र नीट समजावं लागतं.

इथे आपल्या देशाची गोष्ट सांगितली पाहिजे. तैवानने १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिप बनवण्याचं तंत्र घेतलं. १९८० मध्ये त्यातूनच यूएमसी उभी राहिली. भारतात मोहालीला सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड हा सरकारी कारखाना होता आणि १९८४ च्या सुमारास तिथे पाच मायक्रॉनच्या चिप बनू लागल्या. याच कंपनीने ब्रिटनच्या 'बीबीसी मायक्रो' संगणकाची भारतीय आवृत्ती काढली. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' योजनेत आपल्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रोच आले. त्यातला प्रोसेसर कुठला? तोच, ६५०२! म्हणजे सरकारी योजनेतला शैक्षणिक संगणक आणि 'पोरं बिघडवणारा' गेमचा डबा हे एकाच कुळातले. मला हे कुठल्याही पाठ्यपुस्तकाने सांगितलं नाही. डब्याकडे फक्त करमणूक म्हणून पाहिलं गेलं आणि संगणकाकडे फक्त प्रतिष्ठा म्हणून.

७ फेब्रुवारी १९८९ रोजी मोहालीच्या कारखान्याला आग लागली आणि मोठं नुकसान झालं. पण सगळा दोष आगीवर टाकणं मला पटत नाही. १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत सेगाचं 'मेगा ड्राइव्ह' भारतात अधिकृतपणे आलं, किंमत १८,००० रुपये. तोवर आयात शुल्क होतं ८० टक्के. कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या घरात ते शिरणार कसं? तिथे नकली डबाच पोचला. म्हणजे मागणी होती, शाळांत संगणक होते, चिपचा कारखानाही होता. या तिन्हींना जोडणारी, स्वस्त वस्तू हलकी न मानणारी दृष्टी नव्हती. हाताच्या कामाला कमी लेखण्याची आपली जुनी सवय आणि ती का टिकली, हे या मंचावर वेगळं सांगायला नको.

नकलेचा उदोउदोही करायचा नाही. पुढे अख्खं यंत्र एकाच चिपमध्ये आलं आणि त्यावर काळ्या इपॉक्सीचा थेंब ओतला जाऊ लागला. ना चिपचा नंबर, ना पाय. दुरुस्ती करणाऱ्याचा धंदा तिथेच संपला. 'हजार गेम एकात' म्हणणाऱ्या कॅसेटमध्ये मोजकेच गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा. कित्येकदा पहिल्या पडद्यावरून मूळ कंपनीचं नाव पुसलेलं. ज्यांनी ४० किलोबाइटमध्ये जग बसवलं त्यांचे श्रम असे अदृश्य झाले. कंपनीचं कुलूप आणि नकलाकाराचा काळा थेंब, दोन्हींचा परिणाम एकच: वापरणाऱ्याने आत पाहू नये.

आपण राहतो त्या आखाताचंही एक उदाहरण आहे. कुवेतमध्ये मोहम्मद अल-शारेख यांच्या 'सख्र' कंपनीने १९८० च्या दशकात जपानी एमएसएक्स पद्धतीचे घरगुती संगणक अरबी लिपीसह काढले. टीव्हीला जोडायचे, कॅसेट खोचायची, गेम खेळायचे आणि त्याच यंत्रावर अरबीत प्रोग्रामिंग शिकायचं. त्यांच्या 'एएक्स-९९०' या यंत्रात तर एमएसएक्स संगणक आणि सेगाचं मेगा ड्राइव्ह एकाच डब्यात होतं. इथल्या आपल्या अरब सहकाऱ्यांना विचारा, अनेकांचे डोळे चमकतील. यंत्र आतून कळलं की त्यात आपली भाषा घालता येते. आपल्याकडेही पुण्याच्या सी-डॅकने 'जिस्ट' कार्डातून देवनागरी संगणकावर आणली होती. पण ती कार्यालयात राहिली. माझ्या लहानपणी हाती आलेल्या एकाही कॅसेटमध्ये देवनागरी अक्षर नव्हतं. फरश्यांच्या हिशोबात ते अशक्य नव्हतं. एकावर एक दोन फरश्या रचल्या की मात्रा-उकारांसकट अक्षर मावतं.

आता मुसफ्फाबद्दल. इथल्या गॅरेजांच्या रांगांमधून आपण रोज जातो. केरळ, पंजाब, पाकिस्तान, बांगलादेशातून आलेली माणसं तिथे गाड्यांना पुन्हा जीव देतात. आजच्या गाडीतला इंजिनचा संगणक मात्र पुष्कळदा कंपनीच्या परवानगीशिवाय बोलत नाही. १९८५ चं ते कुलूप आज मोटारीत, ट्रॅक्टरमध्ये, प्रिंटरच्या शाईत आहे. उद्या ते कुणाच्या पोटावर येणार, हे त्या रांगांकडे पाहिलं की कळतं. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, युरोपीय संघाने २०२४ मध्ये निर्देश काढला. सुरुवात चांगली आहे. पण मागणी करणारा जाणकार नागरिक नसेल तर हक्क कागदावरच राहतो.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की कुलूपं उघडणारेही आहेत. २०१० मध्ये काही हौशी अभ्यासकांनी ६५०२ ची चिप उघडी करून सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो काढले, एकेक ट्रान्झिस्टर नोंदला आणि ती चालताना दिसेल असं प्रारूप सर्वांसाठी खुलं केलं. पुढे रिकोच्या चिपचंही तसंच झालं. तेव्हा दिसलं, की मूळ ६५०२ मधला दशमान बेरजेचा भाग रिकोच्या चिपमध्ये जागेवर आहे, फक्त त्याच्या जोडण्या तोडलेल्या आहेत. त्या भागावर पेटंट होतं, हे लक्षात घेतलं की कारण ओळखणं कठीण नाही. सिलिकॉनमध्ये कोरलेला हा मालकीहक्काचा इतिहास आज शाळकरी मुलगीही पडद्यावर पाहू शकते.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जमू. गावाकडे माळ्यावर पडलेला जुना डबा कुणी सुट्टीत घेऊन यावा. वीज काढून तो उघडू. जुना काचेचा टीव्ही मात्र उघडायचा नाही, त्यात बंद केल्यावरही धोक्याचा विद्युतदाब राहतो. बाराशे फरश्यांचा नव्हे, ९६० फरश्यांचा एक पडदा मुलांकडून चौकटीच्या कागदावर भरून घेऊ. त्यावर त्यांचं नाव मराठीत असेल.

आपण बहुतेक जण इथे दुसऱ्यांची यंत्रं चालवून पगार मिळवतो, त्यात कमीपणा नाही. पण आपली मुलं फक्त वापरणारी व्हावीत की उघडून पाहणारी, हे आपल्या हातात आहे. त्यावर आता चर्चा करू या.