तव्यापुरती मासळी

शिकागो शहराचें नांव निघालें कीं सुशिक्षित मराठी माणसाच्या मनांत दोन गोष्टी उभ्या राहतात. एक, आभाळाला टेकलेल्या इमारती. आणि दुसरी, १८९३ सालच्या सर्वधर्मपरिषदेंतील स्वामी विवेकानंदांचें भाषण. ज्या इमारतींत ती परिषद भरली तेथें आज चित्रसंग्रहालय आहे, आणि तेथून पूर्वेकडे थोडें चालत गेलें कीं मिशिगन सरोवराचा कांठ लागतो. सरोवर हा शब्द येथें तोकडाच पडतो. हें पाणी सुमारें ३०७ मैल लांब, ११८ मैल रुंद आणि कांहीं ठिकाणीं ९२३ फूट खोल आहे. पैलतीर दिसत नाहीं, लाटा फुटतात, जहाजें येतात आणि जातात. ओंजळभर पाणी तोंडांत घेतलें म्हणजे मात्र तें गोड लागतें, आणि भरती-ओहोटी डोळ्यांना जाणवत नाहीं, एवढाच काय तो समुद्राशीं फरक.

या कांठावर शहरानें नौकांसाठीं लहान लहान बंदरें बांधलीं आहेत. माँट्रोज, बेलमाँट, डायव्हर्सी, बर्नहॅम, जॅक्सन पार्क अशीं त्यांचीं नांवें. मे महिन्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तेथें श्रीमंतांच्या शिडाच्या नौका डुलत असतात. शरद ऋतु सुरू झाला, झाडांचीं पानें तांबडीं-पिवळीं पडूं लागलीं कीं एकेक नौका पाण्याबाहेर काढली जाते आणि धक्क्यांच्या कडेचें पाणी मोकळें होतें. नेमकी तीच वेळ साधून दुसरा एक समाज तेथें गोळा होतो. हातांत काठी, बाजूला बादली, बसायला घडीची खुर्ची आणि अंगावर जाड कोट. यांत कारखान्यांतून निवृत्त झालेला कामगार असतो, दक्षिणेंतून आलेल्या निग्रो कुटुंबाचा नातू असतो, पोलंडचा, मेक्सिकोचा, व्हिएतनामचा माणूस असतो. नौका यांपैकीं बहुतेकांपाशीं नाहीं. तिची गरजही नाहीं, कारण या ऋतूंत मासाच कांठाशीं येतो.

इंग्रजींत या माशांना जें नांव आहे त्याचा सरळ अर्थ 'तव्यांत मावणारा मासा' असा होतो. पिवळा पर्च, ब्ल्यूगिल, क्रॅपी आणि रॉक बास हे त्यांतले प्रमुख. वीतभर लांबीचे, कांटेरी परांचे आणि चवीला गोड. पर्चच्या सोनेरी अंगावर सहा ते आठ काळसर उभे पट्टे असतात. रॉक बासचे डोळे लाल असतात आणि तो दगडांच्या फटींतून बाहेर पाहत असतो. हे मासे कोणी भिंतीवर मिरवायला टांगीत नाहीं. ते पिठांत घोळवून तळले जातात आणि गरम गरम पानांत पडतात. रव्यांत घोळवून मांदेली तळणाऱ्या कोंकणांतील गृहिणीला या स्वयंपाकांत परकें असें कांहींच वाटणार नाहीं.

मासा शरदांतच कांठाशीं कां येतो, याचें उत्तर पाण्याच्या स्वभावांत आहे. उन्हाळ्यांत सरोवराच्या पाण्याचे दोन थर पडतात. वर उबदार, खालीं गार. वारा जमिनीवरून पाण्याकडे जोरानें वाहिला तर वरचा थर दूर लोटला जातो आणि खालचें गार पाणी कांठाशीं वर येतें. शरदांत वरचें पाणी हळूहळू थंड होतें, जड होऊन खालीं बसतें, आणि दोन्ही थर एकमेकांत मिसळतात. गोडें पाणी सर्वांत जड होतें तें चार अंश सेंटिग्रेडला. तेवढी थंडी येईपर्यंत ही घुसळण चालूच राहते. बाहेर लाटांचा मारा वाढलेला असतो. बंदरांत मात्र तटबंदीच्या आड पाणी शांत असतें, पाणवनस्पतींचा आडोसा असतो, आणि लहान मासे व किडे आश्रयाला आलेले असतात. हिवाळ्यापूर्वीं अंगांत चार दिवसांची शिदोरी सांठवावी म्हणून पर्चचे थवे त्यांच्या मागोमाग आंत शिरतात.

यासाठीं लागणारें साहित्य गरिबाला परवडेल असेंच आहे. हलकी काठी, बारीक दोरा, टोंकाला शिशाचा तुकडा आणि त्याच्या वर हातभर अंतरांत दोन लहान गळ. ब्ल्यूगिलचें तोंड इतकें लहान असतें कीं मोठा गळ लावणारा दिवसभर केवळ आमिषें वाटीत बसतो. आमिष म्हणून गांडूळ, मेणकिड्याची अळी किंवा लहान मासळी चालते. शिकागोच्या जुन्या जाणत्यांचा खरा विश्वास मात्र नुकतीच कात टाकलेल्या, मऊ अंगाच्या गोड्या पाण्यांतील झिंग्यावर असतो. पर्च डोळ्यांनीं पाहून खातो, म्हणून तो दिवसां मिळतो. सूर्य मावळला कीं थवा विस्कटतो आणि मासे तळाशीं निजतात. क्रॅपीची तऱ्हा उलट. सांजवेळ ही त्याची जेवणाची वेळ. म्हणून पर्चवाले बादल्या उचलून घरीं निघतात तेव्हां क्रॅपीवाले येऊन त्यांच्या जागा घेतात.

नवशिका येथें हमखास फसतो तो दोन गोष्टींत. पहिली, तो गळ लांब फेंकतो. बंदरांतला मासा पुष्कळदां त्याच्या पायांखालीं, धक्क्याच्या खांबाशींच असतो. दुसरी, तो एकाच जागीं हटून बसतो. थवा फिरता असतो. अर्धा तास दोरा हलला नाहीं तर वीस पावलें पुढें जावें, हा जाणत्यांचा नियम. पर्चचा झटका जोराचा नसतो. काठीचें टोंक नुसतें शहारतें. घाई केली कीं मासा सुटतो, उशीर केला तर तो आमिष खाऊन पसार होतो. या दोहोंमधला क्षण पुस्तकांत लिहितां येत नाहीं. तो शेजारीं बसलेल्या म्हाताऱ्याच्या हाताकडे पाहून शिकावा लागतो, आणि ही शाळा त्या धक्क्यांवर विनामूल्य चालते.

पण या आनंदाच्या पोटांत एक चिंता आहे, आणि ती सांगितल्याशिवाय ही हकीगत पुरी होत नाहीं. पर्चची बादली भरून नेण्याचे दिवस आतां राहिले नाहींत. माणसानें हें सरोवर समुद्राशीं जोडलें आणि त्या वाटेनें नको ते पाहुणे आंत आले. कालव्यावाटे आलेला, माशाच्या अंगाला चिकटून रक्त शोषणारा लँप्री १९३६ सालीं मिशिगन सरोवरांत आढळला आणि त्यानें तेथील मोठ्या ट्राउट माशांचा नायनाट केला. मोठा शिकारी गेल्यावर, १९४९ सालीं प्रथम दिसलेल्या एलवाइफ या लहान समुद्री माशाला मोकळें रान मिळालें. त्याची संख्या इतकी वाढली कीं १९६७ च्या उन्हाळ्यांत मेलेल्या एलवाइफांचे ढीग शिकागोच्या वाळूवर सडत पडले होते. त्याला आवर घालण्यासाठीं १९६६ पासून पॅसिफिक किनाऱ्यावरील सामन जातीचे मासे सरोवरांत सोडण्यांत आले होते. एलवाइफ कमी झाला, आणि त्याच्या जांचांतून सुटलेल्या पर्चनें पुन्हां डोकें वर काढलें.

तें सुख फार दिवस टिकलें नाहीं. परदेशी जहाजें तोल राखण्यासाठीं पोटांत जें पाणी घेऊन येतात, त्या पाण्यांतून काळ्या समुद्राच्या बाजूचे दोन चिमुकले शिंपले आले. झेब्रा शिंपला मिशिगन सरोवरांत १९८९ सालीं आणि क्वागा शिंपला १९९७ सालीं आढळला. हे शिंपले दिवसरात्र पाणी गाळून त्यांतील सूक्ष्म वनस्पति खातात. पाणी आरशासारखें स्वच्छ झालें. पाहणाऱ्याला वाटावें, सरोवर सुधारलें. वास्तविक ताट पुसून ठेवलें होतें. पर्चची मादी वसंतांत फितीसारखी लांब, लिबलिबीत अंड्यांची माळ सोडते. तींत हजारों अंडीं असतात. अंड्यांतून निघालेलीं पिल्लें कांहीं आठवडे उघड्या पाण्यांत तरंगत राहतात, आणि त्या वेळीं सूक्ष्म जीव हेंच त्यांचें दूध. तें दूधच आटलें. १९९६-९७ च्या सुमारास विस्कॉन्सिन, इलिनॉय आणि इंडियाना या राज्यांनीं मिशिगन सरोवराच्या आपापल्या हद्दींत पर्चची व्यापारी मासेमारी बंद केली. विस्कॉन्सिननें ग्रीन बे तेवढा त्यांतून वगळला. हौशी माणसालाही दिवसाला ठराविक संख्येपलीकडे पर्च नेतां येत नाहींत.

पाहुणे कसे येतात याचें एक उदाहरण फार बोलकें आहे. ब्ल्यूगिल हा इलिनॉयचा राज्यमासा. १९६० सालीं जपानचे युवराज अकिहितो शिकागोस आले असतां नगराध्यक्ष रिचर्ड डेली यांनीं त्यांना ब्ल्यूगिल भेट दिले. युवराज स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक. ते मासे त्यांनीं संशोधनासाठीं सरकारी खात्याकडे सोंपविले. पुढें हीच जात जपानच्या बिवा सरोवरांत पसरली आणि तेथील मूळच्या माशांचा घास घेऊं लागली. २००७ सालीं सम्राट् या नात्यानें त्यांनीं त्याबद्दल जाहीरपणें मनःक्लेश व्यक्त केले. शिकागोच्या धक्क्यावर जो मासा पोरांचा सवंगडी, तोच दुसऱ्याच्या घरीं दरोडेखोर ठरला. दोष माशाचा नव्हे. त्याला जागेवरून हलविणाऱ्या हाताचा.

मग हा धक्क्यावरचा माणूस दोरा टाकायचा थांबतो काय? नाहीं, पण तो बदलला आहे. सोळा वर्षांच्या पुढील माणसाला परवाना घ्यावा लागतो, आणि त्या पैशांतून मत्स्यखात्याच्या कामाला मदत होते. मिळालेल्या माशांतून लहान तर तो सोडतोच; पण जाणता माणूस भली मोठी मादीही परत पाण्यांत सोडतो, कारण मादी जितकी मोठी तितकीं तिचीं अंडीं अधिक. येथें उथळ बंदराचा एक मोठा गुण उपयोगी पडतो. खोल पाण्यांतून पर्च एकदम वर ओढला तर त्याच्या पोटांतील हवेची पिशवी फुगते आणि सोडलेला मासाही पुष्कळदां वांचत नाहीं. धक्क्याशीं दहा-पंधरा फूट पाण्यांतून काढलेला मासा मात्र, ओल्या हातानें धरून हलकेच सोडला तर शेंपटी मारून निघून जातो. दया करणें ज्या ठिकाणीं शक्य असतें, तेथेंच ती कर्तव्य होते.

नोव्हेंबरच्या मध्याला वारा बोचूं लागतो. काठीच्या कड्यांवर पहांटे बर्फाची पापुद्री धरते. निवृत्त कामगार बादलींत डोकावतो. पांच पर्च, दोन ब्ल्यूगिल. त्याच्या वडिलांच्या वेळीं याच जागेवर बादली भरत असे, असें तो शेजारच्या पोराला सांगतो. पोर विचारतें, "मग तुम्ही अजून येतां कशाला?" म्हातारा गळाला अळी लावून दोरा पुन्हां पाण्यांत सोडतो आणि म्हणतो, "घरीं माणसें दोन, तवा एक. एवढे पुरतात."

या उत्तरांत हताशपणा नाहीं, हिशेब आहे. ज्या सरोवरानें बादलीचा हिशेब मांडणाऱ्या पिढ्या पाहिल्या, त्याला आतां तव्याचा हिशेब मांडणारीं माणसें हवीं आहेत. एखाद्या वर्षीं वारा, ऊब आणि अन्न यांचा मेळ जुळून पर्चचीं पिल्लें भरपूर जगतात. १९९८ आणि २००५ सालीं तसें घडलें. तसा वसंत पुन्हां आला म्हणजे अंडीं घालण्यास पाण्यांत मोठ्या माद्या शिल्लक असल्या पाहिजेत. त्या शिल्लक राहतील कीं नाहीं, हें शरदांतल्या थंड सकाळीं, धक्क्यावर बसलेल्या माणसाच्या ओल्या मुठींत ठरत असतें.